मुठीची पावती

अक्का, परवा तुला फुलांच्या मखरात बसवून नेलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागे होते. पुढे जायला जागाच नव्हती. निम्मी शिवाजी पेठ तुझ्यामागून चालत होती. तालमीतले पैलवान होते, मंडईतल्या भाजीवाल्या होत्या, आपल्या बोर्डिंगच्या बावीस पोरी होत्या, आणि लग्न होऊन गेलेल्या चौघी लेकरं काखेला मारून आल्या होत्या. मी माणसं मोजत होते. खोटं कशाला सांगू? लोक रडत होते आणि मी मोजत होते. दोनशेच्या पुढे मोजणं सोडलं आणि मनात आलं, माझ्यामागून किती येतील? बोर्डिंगचा ऑडिटर येईल कदाचित, तोही घड्याळ बघत.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की. पण आधी माझं जळणं सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुला खोटं वाटेल. तू जिवंत असताना मला तुझा हेवा वाटायचा, आणि तू मेलीस तरी तो कमी झालेला नाही. उलट तुझं मरणसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपलं. चांगली अकरा वाजता अंघोळ केलीस, कपाळाला विभूती लावलीस, भिंतीला टेकलीस आणि गेलीस. कुणाला तसदी नाही की काही नाही. असलं मरण मागून मिळत नाही, आणि तुला न मागता मिळालं. तुला सगळंच न मागता मिळायचं.

मी बोर्डिंगवर आले ती नवऱ्यानं परत पाठवलेली बाई म्हणून. बाबा संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. थोरल्या भावाला आकड्यांचा कंटाळा, म्हणून रोजकीर्द आणि खतावणी बाबांनी मला शिकवली होती. बाबा गेले. सासरच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी झालं होतं आणि माहेरच्या कार्डावर भावानं ते चढवलं नव्हतं. वहिनी म्हणायची, बघू पुढच्या महिन्यात. असे आठ महिने मी कुठल्याच कागदावर नव्हते. मग बापूसाहेब वकिलांनी, आपल्या बोर्डिंगच्या अध्यक्षांनी, मला हिशेबाला ठेवलं. खोली दिली, पंचवीस रुपये दिले, आणि टेबल दिलं. त्या टेबलावर मी पहिल्या दिवशी नुसता हात फिरवत बसले होते.

आणि तू? तू निपाणीच्या पलीकडची. दिरांनी रान घेतलं तशी कोल्हापुरात आलीस आणि आमच्या मागच्या बोळात एका खोलीत राहिलीस. तुला कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बोर्डिंग चालायचं ते तुझ्या पिशवीवर. पेठेतल्या बायका भाकरीला पीठ घ्यायच्या आधी एक मूठ जोंधळा वेगळ्या गाडग्यात टाकायच्या, खेड्यांतून शिकायला आलेल्या पोरींसाठी. दर सोमवारी तू दारोदार जाऊन ती गाडगी पिशवीत रिकामी करून घ्यायचीस. साठ घरं. एकही नाव कागदावर नाही. कुठल्या घरी सून अडली आहे, कुठे म्हातारा खोकतो आहे, कुठल्या घरचं या आठवड्यात मागायचं नाही, सगळं तुझ्या डोक्यात.

पोरींना माझी भीती वाटायची आणि तुझी ओढ. पन्हाळ्याच्या बाजूची ती शेवंता तापानं फणफणली होती, आठवतं? दिवसभर तिच्या कपाळावर मी पट्ट्या ठेवल्या. संध्याकाळी तू आलीस, नुसती उंबऱ्यात उभी राहिलीस, आणि पोरगी म्हणाली, “अक्का, पानी दे.” माझ्या हाताशी तांब्या होता! मी तो तुला दिला आणि बाहेर येऊन पावतीपुस्तकाची पानं मोजत बसले. करी कोण आणि नाव कुणाचं, असं पुटपुटले. तू ऐकलंस आणि हसलीस.

तुझंमाझं भांडण मात्र एकच होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचे, जे मोजलं नाही त्याला पाय फुटतात. तू म्हणायचीस, “दिल्यालं मोजलं की देणाऱ्याचा हात आकडतोय ग, तंगी.” मला तू तंगी म्हणायचीस, तुमच्याकडच्या कानडीत धाकटी बहीण. मला ते आवडायचं, हे मी तुला कधी कळू दिलं नाही.

मग संस्थान विलीन झालं, आपण मुंबई राज्यात गेलो आणि काही दिवसांनी ट्रस्टचा नवा कायदा आला. बापूसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, आता बोर्डिंगची नोंदणी करायची, विश्वस्तांची यादी द्यायची, मिळकत दाखवायची, आणि दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचे. नाही केलं तर सरकारी ग्रँट बंद, म्हणजे बोर्डिंग बंद. सगळे घाबरले. मला आतून उकळ्या फुटत होत्या. आता या घरात असं काम आलं होतं जे तुला येणार नव्हतं.

ऑडिटर आला. किडकिडीत माणूस, बोलणं सरळ. माझ्या वह्या बघून म्हणाला, “बाई, हात चांगला आहे.” ते वाक्य मी आठ दिवस चघळलं. मग त्यानं बोट ठेवलं ते बरोबर तुझ्यावर. “हे ‘मूठ, मार्फत अक्का’ म्हणजे काय? धान्य कुणी दिलं, किती दिलं, कशावरून?”

मी म्हटलं, “पुढच्या महिन्यापासून दर घराची पावती असेल.”

तू कोपऱ्यात तांदूळ निवडत होतीस. मान वर केलीस आणि पुन्हा खडे वेचायला लागलीस.

पुढच्या सोमवारी मी तुझ्याबरोबर निघाले. हातात तराजू, काखेत पावतीपुस्तक, पदर खोचलेला. घरांना मी नंबर दिले होते. पहिल्या दोन घरी काही झालं नाही, बायका बुजल्या एवढंच. तिसरं घर बनाबाईचं. तिचा मुलगा तालमीत वस्ताद, आणि तिचा आवाज त्याच्याहून मोठा. मी तिचं गाडगं पारड्यात ओतलं, वजन ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, “पावशेर.”

“काय म्हनलीस?” बनाबाई म्हणाली.

“पावशेर. सही करा, नाहीतर अंगठा द्या.”

“व्हय ग, माजी मूठ जोखतीस व्हय? देवाला निवद दावताना बी तागडी नेतीस काय?”

“कायदा आहे नवा.”

“तुज्या कायद्यानं घातलंय काय हे गाडग्यात? मी घातलंय की! आन् ती शेजारीन तिकडनं ऐकतीया, पावशेर म्हनून. तिचं अर्धा शेर भरलं आसंल, तिच्यात दोन मिळवती हायत. माज्यात एकलाच हाय. आता पेठंभर झालं, बनाबाय पावशेरवाली!”

दार आपटलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, हे मला सगळ्यात जास्त लागलं. “बघ, सांगितलं नव्हतं?” असं म्हणाली असतीस तर मी भांडले असते.

तीन सोमवारांत साठ घरांची बावीस झाली. कुणी नाही म्हटलं नाही. दार उघडायच्या, कसनुसं हसायच्या, म्हणायच्या, “आज ऱ्हायलंच बघा.” बोर्डिंगमध्ये भाकऱ्या मोजून वाढायची पाळी आली. दुकानात धान्य रेशनवर, आणि रेशनबाहेरचं घ्यायला पैसा कुठला? बापूसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “सुमतीबाई, कायदा पाळता पाळता पोरी उपाशी राहतील हो.” माझ्या पावत्या अगदी चोख होत्या. चोख आणि कोऱ्या.

मग तू आलीस आणि टेबलासमोर जमिनीवर बसलीस. खुर्चीवर तू कधी बसली नाहीस, त्याचासुद्धा मला राग यायचा.

“तंगी,” म्हणालीस, “त्या माणसाला काय पायजे? धान किती आलं त्ये कळाय पायजे, न्हवं?”

“हो.”

“मग दारात कशाला जोखायचं? हितं आपल्या उंबऱ्याव जोख की. सगळी पिशवी एकदम. दोन पंच हुबं कर. आन् पावती एकच फाड, सगळ्या पेठंची. ती मी तालमीच्या भितीला चिकटवतो. ज्येला वाचाय येतंय त्यो बाकीच्यास्नी वाचून दावंल.”

एवढंच! मला ते सुचलं नव्हतं. पंचवीस रुपये पगार घेणाऱ्या, बाबांच्या हाताखाली शिकलेल्या मला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, कायद्यात बसत नाही. मग रागारागानं कायदा काढला, देवळातल्या दानपेटीचा हिशेब कसा ठेवतात ते वाचलं, आणि बसवलं. पेटी दोघांसमोर उघडतात, तशी पिशवी दोघांसमोर जोखायची. साठ्याची वेगळी वही, दोन साक्षीदारांच्या सह्या, दर सोमवारचा दर लिहून किंमत. ऑडिटरला पाठवलेलं ते चार पानी पत्र माझं होतं, अक्का. एकेक शब्द माझा. त्यानं मान्य केलं आणि गाडगीही पुन्हा भरू लागली, तेव्हा बापूसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “अक्का, तुमचं डोकं म्हणजे वकिलाचं डोकं!” सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या पत्रात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. तू वाटेत विड्या वळणाऱ्या त्या कृष्णाबाईच्या घरी पिशवीतून चार मुठी काढून द्यायचीस. आधी मी त्यावरून आकाशपाताळ एक केलं होतं. ट्रस्टचं धान्य परस्पर देतेस म्हणजे काय? तू म्हणालीस, “तिच्या घरात बी गाडगं हुतं की. आता रितं हाय, तर काय वरून झाकन ठिवू?” उंबऱ्यावर जोखायचं म्हणजे उंबऱ्याच्या अलीकडे तू काय करतेस ते कायद्याला दिसत नाही, हे मला पत्र लिहितानाच कळलं होतं. मी तसंच लिहिलं. सात वर्षं मी तुला ते चालू दिलं. तुला वाटलं असेल, ते अजून चालू आहे हे ह्या शहाणीच्या लक्षात आलं नाही. आलं होतं. माझ्या पदरात एवढंसं पुण्य आहे, तेही तुझ्यामुळे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

नोंदणीचा अर्ज भरायचा होता. विश्वस्तांची सात नावं. सहा पक्की होती, सगळी पुरुष माणसं. सातवं बापूसाहेबांनी सांगितलं, “अक्कांचं घाला.” टाक माझ्या हातात होता. शाई सुकत होती. मी म्हटलं, “कचेरीत विचारलं मी. सही लागते म्हणाले. अंगठा चालत नाही.”

मी कचेरीत गेले नव्हते. कुणाला विचारलं नव्हतं.

बापूसाहेबांनी चष्म्यातून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “असं म्हणाले? बरं. राहू द्या ती जागा दोन दिवस.” तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुमचंच नाव घाला. काम तुम्हीच करता.” मी घातलं. माझ्या हातानं, माझं नाव, सरकारच्या कागदावर, सातव्या ओळीत. त्या दिवशी मी अंबाबाईला नारळ फोडला. लाज नाही वाटली. लाज आठ दिवसांनी वाटली, तू विचारलंस तेव्हा.

मी विहिरीवर कपडे धूत होते. तू शेजारी येऊन बसलीस, घागर घासता घासता म्हणालीस, “तंगी, अंगठा चालत न्हाय व्हय ग?”

“नाही.”

“माजं रान गेलं तवा तर अंगठाच घेतला की. चार कागदाव. घालवाय चालतोय, आन् ऱ्हायाय चालत न्हाय व्हय?”

“तो कायदा वेगळा,” मी म्हटलं.

“आसंल बाई. तुमास्नी ठावं.” आणि तू घागर उचलून गेलीस. वर पाणीसुद्धा नीट भरून घेतलंस, न सांडता. पुढे सात वर्षं तू ते पुन्हा काढलं नाहीस. मी वाट बघत होते. एकदा तरी चिडून बोलशील, चारचौघांत टोमणा मारशील, म्हणजे मला भांडता येईल आणि फिटंफाट होईल. तू कधीच तशी संधी दिली नाहीस, आणि मी त्याबद्दलही तुझ्यावर रुसून बसले. आहे की नाही गंमत? उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शेवटच्या महिन्यात तुझ्या पायांवर सूज आली. मी रोज यायचे. येताना ठरवायचे, आज सांगायचं. तू माझ्यासमोर पोरींच्या खोबरेल तेलाचं काढायचीस, नाहीतर कुणाच्या तरी सुनेचं. एकदा मी म्हटलं, “अक्का, मला एक बोलायचंय.” तू म्हणालीस, “बोल की. पर आधी त्यो कंदील पूस, किती काळा झालाय.” मी कंदील पुसला. पुसून झाल्यावर म्हटलं, “काही नाही.” आणि तुला बरं वाटल्यासारखं दिसलं. तुला माहीत होतं मी काय बोलणार. मग मला बोलू का दिलं नाहीस?

तू गेल्यावर बनाबाई भेटायला आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, “अक्कानं त्या तागडीच्या वक्ताला दारोदार फिरून आमास्नी समजावलं व्हतं बघ. म्हनली, त्या सुमतीवर चिडू नगा. ती डोळं फोडून लिवती म्हनून बोर्डिंग हाय. तिनं बी रोजची मूठ घातल्याली हाय, आपल्याला दिसत न्हाय एवढंच.” मी ते पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटायचं, बायका मला बोलावू लागल्या, हळदीकुंकवाला पाट देऊ लागल्या, ते माझ्या कामामुळे. ते तू मागून आणलं होतंस. जोंधळ्याबरोबर माझ्यासाठी माणसंही पिशवीत घालून आणलीस, आणि मला सांगितलं नाहीस. अक्का, मी बनाबाईला चहा दिला आणि आत जाऊन रडले. तुझ्यासाठी पहिल्यांदा तेव्हा रडले. रागानं रडले, पण रडले.

काल विश्वस्तांची सभा झाली. तुझ्या दुखवट्याचा ठराव मांडायचा होता. इतिवृत्त मीच लिहिते. एक विश्वस्त म्हणाले, अक्का विश्वस्त असत्या तर फोटो लावता आला असता, पण अंगठ्याची अडचण होती ना. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टाक खाली ठेवला.

“अडचण नव्हती,” मी म्हटलं. “अंगठा चालत होता. मी खोटं बोलले. मला ती जागा हवी होती.”

मी राजीनामा लिहून आणला होता, तो बापूसाहेबांसमोर ठेवला. त्यांनी तो घडी उलगडूनही पाहिला नाही.

“सुमतीबाई,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं वकिली केली मी. अंगठा चालतो की नाही हे मला ठाऊक नसेल? मी त्याच संध्याकाळी शाईचं पॅड घेऊन अक्कांकडे गेलो होतो. त्यांनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या सायेब. तिचंच घाला. तिचं नाव कुटंच न्हाय वो. मला काय, पेठ हाय की.’ आणि मला शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून.”

अक्का! म्हणजे तेही तूच दिलं होतंस. मी चोरलं असं समजून सात वर्षं लपवत होते, आणि ते तू आधीच माझ्या पदरात टाकून मोकळी झाली होतीस. एक वस्तू तरी माझी असू द्यायची होतीस ग. निदान पाप तरी. मला तुझी दया नको होती, बरोबरी हवी होती. सगळ्यांसमोर मला हुंदका आला आणि हसूही आलं, आणि त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुला आधी दोन शब्द सुनावले असते आणि मग तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं असतं.

मी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि घडलं ते लिहायला घेतलं. एक जण म्हणाला, “अहो, हे कशाला लिहिता? ही वही तपासायला जाते.” मी म्हटलं, जाऊ दे. अर्जातील सातवे नाव वस्तुतः ज्यांचे होते त्या, एवढं लिहून थांबले. तुझं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांकडे पाहिलं. बापूसाहेबांनाही माहीत नव्हतं. तुझ्यामागून चाललेल्या त्या दोनशे माणसांतही कुणाला असेल असं वाटत नाही.

मी लिहिलं, अक्का.

बापूसाहेब वाकून बघत होते. म्हणाले, “नुसतं एवढंच? कायद्यात बसायचं नाही हे.”

मी म्हटलं, “बसवते.”